कोव्हेंट्री क्लायमॅक्स: फोर्कलिफ्ट, आगीचा पंप आणि जिम क्लार्कचं इंजिन

प्रश्न असा आहे: "जिम क्लार्क ज्या इंजिनावर फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला ते मुळात फोर्कलिफ्टचं इंजिन होतं, असं ऐकलं. हे खरं आहे का? आणि ती ब्रिटिश कंपनी एवढी नावाजलेली होती, तर आज तिची फोर्कलिफ्ट बाजारात का दिसत नाही?"

पहिल्या भागाचं उत्तर आधी देतो. इंजिन फोर्कलिफ्टचं नव्हतं. ते इंजिन ज्या घराण्यातलं, त्याचा मूळपुरुष आग विझवायच्या पंपासाठी तयार झाला होता. पण कंपनी एकच होती, कोव्हेंट्री क्लायमॅक्स, आणि ब्रिटनमध्ये बनलेली पहिली फोर्कलिफ्ट याच कंपनीने 1946 मध्ये बाजारात आणली. दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली घडल्यामुळे ऐकणाऱ्यांनी त्यांची सरमिसळ केली. माल उचलणाऱ्या गाड्यांच्या देखभालीत माझं सगळं कामाचं आयुष्य गेलं, त्यामुळे या कंपनीबद्दल मला विशेष आस्था आहे. रेसिंगवाल्यांनी तिच्याबद्दल भरभरून लिहिलं आहे. फोर्कलिफ्टवाल्यांनी मात्र फारसं लिहिलेलं नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात 1903 ची. हेन्री पेलहॅम ली हा डेमलर कंपनीत काम केलेला इंजिनिअर. त्याने येन्स स्ट्रॉयर नावाच्या डॅनिश जोडीदाराबरोबर 'ली स्ट्रॉयर' ही कंपनी काढली. दोनच वर्षांत स्ट्रॉयर बाहेर पडला, ली कोव्हेंट्रीतच नव्या जागेत गेला आणि कंपनीचं नाव 'कोव्हेंट्री-सिम्प्लेक्स' झालं. स्वतःची मोटार बनवायच्या फंदात ली पडला नाही. दुसऱ्यांच्या यंत्रांत बसणारी इंजिनं बनवायची, एवढंच त्याने ठरवलं. लायोनेल मार्टिनने 'ॲस्टन मार्टिन' नावाची पहिली गाडी उभी केली, तिच्यात कोव्हेंट्री-सिम्प्लेक्सचंच इंजिन होतं, आणि शॅकल्टनच्या 1914 च्या अंटार्क्टिका मोहिमेतल्या ट्रॅक्टरांतही याच कंपनीची इंजिनं होती. 1917 मध्ये नाव बदलून 'कोव्हेंट्री क्लायमॅक्स एंजिन्स' झालं. पुढे ट्रायम्फ, मॉर्गन, क्रॉसली, स्विफ्ट अशा कितीतरी मोटारवाल्यांना क्लायमॅक्सची इंजिनं जायची.

या धंद्यात एक धोका असतो. तुमचं इंजिन कितीही चांगलं असलं तरी ज्याच्या गाडीत ते बसतं तो बुडाला की तुमचाही माल पडून राहतो. 1930 च्या मंदीत नेमकं तेच झालं. छोट्या मोटार कंपन्या एकामागून एक बंद पडल्या, स्विफ्ट 1931 मध्येच गेली. पडून राहिलेल्या इंजिनांचं काय करायचं, तर लीने त्यांना जनित्रं जोडून वीज तयार करणारे संच विकायला काढले. मग युद्धाची चाहूल लागली तशी तीच इंजिनं पंपांना जोडली. गाडीमागे ओढून न्यायचे हे ट्रेलर पंप 'गोडायव्हा' नावाने विकले जायचे. लेडी गोडायव्हा ही कोव्हेंट्रीच्या दंतकथेतली सरदारपत्नी, त्या शहराची ओळखच. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांच्या आगी विझवायला असे हजारो पंप ब्रिटनभर कामाला होते. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री खुद्द कोव्हेंट्री शहर जळालं.

युद्ध संपलं आणि पंपांची सरकारी मागणी एकदम आटली. कारखाना होता, कारागीर होते, काम नव्हतं. अमेरिकी सैन्याने युद्धकाळात ब्रिटनमध्ये सामान हलवण्यासाठी फोर्कलिफ्ट आणि पॅलेट (माल रचायच्या लाकडी फळ्या) यांचा सर्रास वापर केला होता. जे काम दहाबारा माणसांची टोळी दिवसभर करायची, ते एक चालक आणि एक गाडी दुपारपर्यंत उरकते, हे गोद्या आणि गोदामं सांभाळणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण डॉलर जपून वापरायचे असल्यामुळे अमेरिकेतून गाड्या मागवणं अवघड होतं. ही गरज क्लायमॅक्सने ओळखली, आणि 'ईटी 199' ही त्यांची पहिली फोर्कलिफ्ट 1946 मध्ये आली.

तिची क्षमता होती 4,000 पौंड माल, 24 इंच लोड सेंटर (म्हणजे काय ते खाली येईल), आणि माल 9 फूट उंच नेणं. आमच्या भाषेत सांगायचं तर साधारण 1,814 किलो, 610 मिलिमीटर आणि पावणेतीन मीटर. हे तीन आकडे एकत्रच वाचायचे असतात, आणि इथे मी थोडा थांबणार आहे. कारण फोर्कलिफ्टचा सगळा जीव या तीन आकड्यांत आहे, आणि आजही निम्मे अपघात ते न वाचल्याने होतात असं माझं ठाम मत आहे.

फोर्कलिफ्ट म्हणजे चाकांवरचा तराजू. पुढच्या चाकांचा आस हा टेकू, एका बाजूला फोर्कवरचा, म्हणजे पुढच्या दोन लोखंडी दात्यांवरचा माल, दुसऱ्या बाजूला इंजिन आणि मागे तोल धरणारं ओतीव लोखंडाचं वजन, म्हणजे काउंटरवेट. फोर्क जिथे उभा वळतो त्या टाचेपासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर म्हणजे लोड सेंटर. समजा, पुढच्या आसापासून फोर्कच्या टाचेपर्यंत 400 मिलिमीटर अंतर आहे. म्हणजे 610 च्या लोड सेंटरला माल टेकूपासून 1,010 मिलिमीटरवर बसतो. आता त्याच गाडीवर लांबट खोका घेतला आणि त्याचा मध्य टाचेपासून 900 मिलिमीटरवर गेला, तर टेकूपासूनचं अंतर 1,300 होतं. उलटवणारा जोर तेवढाच ठेवायचा तर वजन 1,814 वरून सुमारे 1,400 किलोवर आणावं लागतं. चारशे किलो इथेच कमी झाले, गाडी तीच, फोर्क तेच. चालक म्हणतो, "साहेब, गाडी दोन टनाची आहे, हे तर दीडच टन आहे," आणि तेवढ्यात मागची चाकं हलकी होतात. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते, त्यामुळे मागचा भार गेला की स्टिअरिंगही गेलं. ईटी 199 च्या काळात ब्रिटनमध्ये हा हिशेब बहुतेकांना नवा होता. म्हणून वजनाच्या आकड्याला लोड सेंटर जोडून सांगण्याला फार महत्त्व आहे.

तिसरा आकडा उंचीचा. नऊ फूट फोर्क वर जातो म्हणून तेलाच्या दाबाने चालणाऱ्या सिलिंडरचा दांडा नऊ फूट बाहेर येत नाही. साध्या दोन खणी मास्टमध्ये (पुढच्या उभ्या खांबांच्या सांगाड्यात) सिलिंडर आतल्या चौकटीला वर ढकलतो. त्या चौकटीच्या माथ्यावर चेनची कप्पी असते, चेनचं एक टोक स्थिर भागाला आणि दुसरं फोर्क ज्यावर बसतात त्या कॅरेजला बांधलेलं. कप्पी एक फूट वर गेली की कॅरेज दोन फूट चढतं. म्हणजे साडेचार फुटांच्या चालीत नऊ फूट मिळतात. पण निसर्ग फुकट काही देत नाही, सिलिंडरवर मालाच्या दुप्पट भार येतो. मास्टची चेन ताणली गेली आहे का, दोन्ही बाजूंना सारखी आहे का, कड्यांच्या पिना झिजल्या आहेत का, हे आम्ही महिन्यातून एकदा मापून बघतो ते याचसाठी. ऐंशी वर्षांत बॅटरी बदलल्या, मोटारी बदलल्या, चालकासमोर स्क्रीन आले. चेन आणि कप्पीचं हे गणित मात्र जसंच्या तसं आहे.

आता रेसिंगकडे येतो, कारण प्रश्नाचा मूळ रोख तोच आहे.

1950 च्या सुमारास ब्रिटिश गृहखात्याला नव्या प्रकारचा हलका पंप हवा होता. पाणी जुन्या पंपाच्या दुप्पट फेकायचं आणि वजन निम्मं, अशी साधारण मागणी. माणसांनी हातावर उचलून अरुंद बोळात नेता आला पाहिजे. तेव्हा कंपनी पेलहॅम लीचा मुलगा लेनर्ड ली पाहत होता. त्याने वॉल्टर हॅसन आणि हॅरी मंडी हे दोन कसलेले डिझायनर आणले. हॅसन बेंटले आणि जॅग्वारमध्ये मुरलेला, मंडी बीआरएम या ब्रिटिश रेसिंग संघाच्या इंजिनावर काम करून आलेला. त्यांनी जे इंजिन काढलं त्याचं नाव 'एफडब्ल्यू', म्हणजे फेदरवेट. 1,020 सीसी, चार सिलिंडर, ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे, माथ्यावर कॅमशाफ्ट, ताकद अडतीस अश्वशक्तीच्या आसपास.

आगीच्या पंपाचं इंजिन कसं वागतं हे एकदा डोळ्यांसमोर आणा. महिनोन्महिने ते गप्प उभं असतं. घंटा वाजली की थंडगार अवस्थेतून सुरू होतं आणि गरम व्हायला वेळ न देता लगेच पूर्ण ताकदीने धावायला लागतं. मग तासन्‌तास तसंच. मध्ये बंद पडलं तर माणसं मरतात. अशा इंजिनाची बेअरिंगं, तेलाचा दाब, पाण्याने थंड होण्याची सोय हे सगळं सढळ हाताने केलेलं असावं लागतं, आणि तरीही वजन कमी ठेवावं लागतं. हलकं, दणकट, लागलीच ताकद देणारं. रेसिंगवाल्याला याहून वेगळं काय हवं असतं? इंजिन प्रदर्शनात मांडल्यावर छोट्या स्पोर्ट्स कार बनवणारे लोक क्लायमॅक्सच्या मागेच लागले. त्यातून मोटारीसाठी 1,098 सीसीचं 'एफडब्ल्यूए' आलं. तेच पंपाचं इंजिन थोडं वाढवलं, श्वास मोकळा केला, आणि ताकद सत्तरच्या वर गेली. 1954 मध्ये ते कीफ्ट गाडीतून फ्रान्समधल्या ल मां इथे 24 तासांच्या शर्यतीत उतरलं. पुढे लोटस आणि कूपर या ब्रिटिश रेसिंग कंपन्यांच्या छोट्या गाड्या याच इंजिनावर जिंकू लागल्या. "शर्यती जिंकणारा पंप" अशी जाहिरातही कंपनीने केली, आणि तिचा हक्कच होता तो.

त्याच काळात क्लायमॅक्सने फॉर्म्युला वनसाठी अडीच लिटरचं आठ सिलिंडरी इंजिन बांधलं होतं. इतरांच्या इंजिनांच्या ताकदीचे मोठमोठे आकडे कानावर आले आणि आपलं कमी पडेल या भीतीने ते शर्यतीत उतरवलंच नाही. ते आकडे फुगवलेले होते हे नंतर कळलं. पण त्या मेहनतीतून 'एफपीएफ' हे चार सिलिंडरी इंजिन निघालं, आणि त्याने खेळच बदलला. 1958 च्या जानेवारीत अर्जेंटिनात स्टर्लिंग मॉस या ब्रिटिश चालकाने संघमालक रॉब वॉकरच्या छोट्या कूपर गाडीत जेमतेम दोन लिटरचं एफपीएफ घेऊन अडीच लिटरच्या फेरारींना हरवलं. टायर बदलायला तो थांबलाच नाही, आणि दुसऱ्या आलेल्या मुसोच्या फेरारीपेक्षा तीन सेकंदांहूनही कमी अंतराने पुढे पोचला. चालकाच्या मागे इंजिन असलेल्या गाडीने विश्वविजेतेपदाच्या मालिकेतली शर्यत जिंकण्याची ती पहिली वेळ. पुढच्या वर्षी इंजिन पूर्ण अडीच लिटरचं झालं. 1959 आणि 1960, दोन्ही वर्षं जॅक ब्राबम कूपर-क्लायमॅक्सवर विश्वविजेता झाला. 1959 च्या शेवटच्या शर्यतीत, सेब्रिंगला, अखेरच्या फेरीत त्याच्या गाडीतलं पेट्रोल संपलं. त्याने गाडी ढकलत रेषेपार नेली आणि चौथा आला.

1961 पासून नियमांनुसार इंजिन दीड लिटरवर आलं. त्यासाठी क्लायमॅक्सने 'एफडब्ल्यूएमव्ही' हे आठ सिलिंडरी इंजिन केलं, आणि तुमच्या प्रश्नातला जिम क्लार्क इथे येतो. 1963 मध्ये त्याने लोटस 25 मध्ये दहापैकी सात शर्यती जिंकल्या. 1965 मध्ये पुन्हा विजेतेपद. नावातला 'एम' मरीन इंजिनाचा. त्या घराण्यातलं आधीचं 653 सीसीचं छोटं इंजिन बोटींसाठी केलं होतं, आणि त्याच्याच वंशात पुढे हिलमन इम्प या लहान मोटारीचं 875 सीसी इंजिन जन्मलं. म्हणजे एकाच विचारातून आगीचा पंप, बोट, घरगुती मोटार आणि विश्वविजेती रेसिंग कार. फोर्कलिफ्ट या वंशावळीत नाही.

का नाही, तेही सांगतो. फोर्कलिफ्टच्या इंजिनाला मिनिटाला हजार-दोन हजार फेऱ्यांतच भरपूर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर लागतो. हायड्रॉलिक पंप फिरवायचा, वजनासकट गाडी चढावर न्यायची, दिवसभर पुढे-मागे करायचं. शर्यतीचं अडीच लिटरचं एफपीएफ जवळपास सात हजार फेऱ्यांवर 240 अश्वशक्तीच्या आसपास देतं, पण खालच्या फेऱ्यांत ते गोदामात अर्धा तासही टिकणार नाही. शिवाय फोर्कलिफ्टमध्ये हलकं इंजिन ही काही सोय नाही. तिथे मागचं वजन आपल्याच बाजूने काम करतं, हलकं इंजिन बसवलं तर काउंटरवेट वाढवावं लागतं! दोन्ही यंत्रांच्या गरजा अगदी उलट्या आहेत.

पण पैशाच्या बाजूने बघितलं तर फोर्कलिफ्टचा रेसिंगशी फार जवळचा संबंध होता. शर्यतीची इंजिनं थोडीच बनायची, आणि त्यांच्यावर खर्च प्रचंड व्हायचा. कारखान्याचं रोजचं पोट फोर्कलिफ्ट, पंप आणि लष्करी कामांवर भरायचं. चीफ्टन रणगाड्यात मुख्य इंजिन बंद असताना वीज देणारं छोटं डिझेल इंजिनसुद्धा क्लायमॅक्सचंच होतं. माझ्या मते गोडायव्हा पंप सोडले तर फोर्कलिफ्ट हे क्लायमॅक्सचं पहिलं असं यंत्र, जे नाव, आराखडा आणि गिऱ्हाईक यांसकट पूर्णपणे तिचं स्वतःचं होतं. तोवर बहुतेक काळ ती दुसऱ्याच्या यंत्रात इंजिन पुरवत आली होती. रेसिंगमध्येही विजेता कूपर किंवा लोटस असायचा, क्लायमॅक्सचं नाव जोडनावात मागे. गोदामातल्या गाडीवर मात्र फक्त कोव्हेंट्री क्लायमॅक्स लिहिलेलं असायचं.

आता दुसरा भाग. मग ती गेली कुठे?

1963 मध्ये जॅग्वारने क्लायमॅक्स विकत घेतली. जॅग्वार 1966 मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनबरोबर गेली, आणि 1968 मध्ये सगळं मिळून ब्रिटिश लेलँड झालं. पाच वर्षांत तीन मालक. 1965 च्या हंगामानंतर रेसिंग थांबलंच होतं. लेलँडमध्ये क्लायमॅक्स 'स्पेशल प्रॉडक्ट्स' नावाच्या विभागात गेली. तिथे तिच्या शेजारी रोडरोलर बनवणारी अव्हेलिंग-बारफोर्ड होती. 1975 मध्ये लेलँड डबघाईला आली आणि सरकारने ती ताब्यात घेतली. पुढचा प्रत्येक निर्णय मोटारी कशा वाचवायच्या याभोवती फिरत होता.

इथे मी माझ्या धंद्याच्या अनुभवावरून बोलतो. फोर्कलिफ्टचा धंदा गाडी विकून संपत नाही. खरा धंदा पुढची पंधरा वर्षं चालतो. सुटा भाग दुसऱ्या दिवशी मिळाला पाहिजे, मिस्त्री त्याच दिवशी पोचला पाहिजे, भाड्याने गाडी देता आली पाहिजे. मास्टचं सील फुटलं आणि आठवडाभर भाग आला नाही, की गोदामाचा मॅनेजर पुढची गाडी दुसऱ्याची घेतो. मग आधीची कितीही मजबूत असो. ज्या मालकाचं सगळं लक्ष आणि पैसा मोटारीत अडकलेला आहे, त्याच्या घरात ही सेवेची साखळी उभी राहणं कठीण. त्याच वर्षांत जपानी कंपन्या स्वस्त आणि भरवशाच्या गाड्या घेऊन युरोपात उतरल्या होत्या. क्लायमॅक्सच्या गाड्या वाईट होत्या म्हणून ती गेली, असं मला वाटत नाही.

1982 च्या अखेरीस लेलँडने क्लायमॅक्स विकली. घेणारा होता सर इमॅन्युएल के. हा माणूस फोर्कलिफ्टच्या जगात साधासुधा नव्हता. त्याने आणि जॉन शार्पने 1943 मध्ये 'लॅन्सिंग बॅग्नल' ही कंपनी घेतली, 1949 मध्ये ती बेझिंगस्टोकला नेली आणि बॅटरीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टमध्ये युरोपात अग्रभागी आणून ठेवली. क्लायमॅक्सचा जोर इंजिनवाल्या गाड्यांवर, लॅन्सिंगचा विजेवर. ब्रिटिश फोर्कलिफ्टची दोन मोठी नावं एका माणसाच्या आसपास आली, ही गोष्ट आशा लावणारी होती. पण 1980 च्या सुरुवातीची मंदी ब्रिटिश कारखानदारीला फार महागात पडली होती, आणि 1986 मध्ये क्लायमॅक्स दिवाळखोरीत गेली. त्याच सुमारास फोर्कलिफ्टचा धंदा स्वीडनच्या काल्मारकडे गेला आणि काही काळ 'काल्मार क्लायमॅक्स' असं जोडनाव चाललं. इंजिनांचा भाग 1990 मध्ये बाथ शहरातल्या हॉर्स्टमन कंपनीकडे गेला, आणि कोव्हेंट्रीशी संबंध तुटला.

लॅन्सिंग बॅग्नलचंही स्वतंत्र आयुष्य फार उरलं नाही. 1989 मध्ये जर्मनीच्या लिंडेने ती घेतली. लेटन बझर्डची लॅन्सर बॉस 1957 मध्ये बोमन-शॉ बंधूंनी सुरू केली होती, आणि लांब माल बाजूने उचलणाऱ्या गाड्यांसाठी ती ओळखली जायची. तीही 1994 मध्ये जर्मन युंगहाइनरिशकडे गेली. म्हणजे तीन ब्रिटिश नावं दहा वर्षांच्या आत परक्या हातात.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक धागा. लिंडेचा माल हाताळणीचा धंदा 2006 मध्ये वेगळा होऊन 'किऑन' झाला, आणि 2011 मध्ये किऑनने व्होल्टासच्या फोर्कलिफ्ट धंद्यात बहुमताचा हिस्सा घेतला. तो आज पुण्यातून किऑन इंडिया म्हणून चालतो. बेझिंगस्टोकच्या त्या कंपनीची कागदोपत्री नात्यागोत्याची एक फांदी अशी पुण्यापर्यंत आलेली आहे.

क्लायमॅक्सच्या घरातलं आजही बाजारात असलेलं नाव म्हणजे गोडायव्हा. लेलँडच्या काळानंतर पंपांचा धंदा वेगळ्या वाटेने गेला आणि इंग्लंडात वॉरिक इथे गोडायव्हा नावाने आगीचे पंप पुढे बनत राहिले. एफपीएफ आणि एफडब्ल्यूए इंजिनं जुन्या गाड्यांच्या शर्यतींत अजून धावतात. ईटी 199 आणि तिच्या पुढच्या भावंडांची नीट जपणूक मात्र फार कमी झाली, कारण गोदामातल्या गाडीला भंगारात काढताना कोणी मागे वळून पाहत नाही. कुणाला अशी एखादी गाडी सापडली, तर आधी तिची डेटा प्लेट काढून सुरक्षित ठेवा. वजन, लोड सेंटर आणि उंची त्यावर कोरलेली असते. मास्टची चेन आणि सिलिंडर तपासल्याशिवाय फोर्कवर काहीही चढवू नका, कारण इतक्या वर्षांत चेनच्या पिना आतून गंजलेल्या असतात आणि बाहेरून काही दिसत नाही.